बंबावरच्या माणसाचा सत्कार : शाल-श्रीफळाच्या आधी आणि नंतर करायची कामं

आमच्या भागात उसाला आग लागली की लोक आधी तात्यांना फोन करायचे, १०१ नंतर. तात्या तालुक्याच्या नगरपरिषदेत फायरमन होते. नोकरी नगरपरिषदेची, पण आसपासच्या सगळ्या गावांना मिळून बंब तो एकच, त्यामुळे कितीतरी वर्द्या, म्हणजे मदतीसाठी आलेली बोलावणी, हद्दीबाहेरच्या. कडब्याच्या गंजी, गोठे, उसाचे फड, विहिरीत पडलेली म्हैस, पुरात अडकलेली वस्ती. ३१ वर्षं हेच.

त्यांच्या निवृत्तीला चार महिने राहिले तेव्हा मारुतीच्या देवळात बैठक बसली. पहिल्या दहा मिनिटांत शाल, श्रीफळ, फेटा, मंडप, जेवण, प्रमुख पाहुणे सगळं ठरलं. मग मागे बसलेल्या एका पोरानं विचारलं, "तात्यांनी आपल्या गावात किती आगी विझवल्या?" कुणालाच सांगता येईना. प्रत्येकाला एखाददुसरी आठवत होती, तीही आपल्याच भावकीतली.

पुढच्या चार महिन्यांत आम्ही काय केलं, कुठे चुकलो आणि दुसऱ्या गावाला त्यातलं काय उपयोगी पडेल ते इथे लिहितो आहे. माझं ठाम मत झालं आहे की अशा माणसाच्या कामाची आगवार नोंद झाली पाहिजे आणि त्याच्या डोक्यातली माहिती गावाच्या हाती आली पाहिजे. सत्काराचा गाभा तो आहे. शाल त्यानंतर.

आधी त्यांना विचारा, काकूंनाही विचारा

सरप्राईज द्यायचा मोह टाळा. बंबावर आयुष्य काढलेल्या माणसाच्या मनात अशा काही वर्द्या असतात की त्यांचा उल्लेखही त्याला सोसत नाही. विहिरीतून काढलेलं लहान मूल, भाजलेली बाई, वेळेत न पोचलेली गाडी. माणूस वाचवल्याच्या गोष्टी गाव कौतुकानं सांगतं, पण त्याला रात्री जाग येते ती न वाचलेल्यांची आठवण येऊन.

आम्ही तिघं जण तात्यांच्या घरी गेलो आणि सरळ विचारलं: कार्यक्रम केला तर चालेल का, कोणत्या घटना बोलायच्या, कोणत्या नाही. त्यांनी दोन घटना सांगू नका म्हणून सांगितलं. कारण विचारलं नाही. त्या आम्ही वहीत लिहूनही घेतल्या नाहीत. ज्या घरात माणूस दगावलं आहे त्या घराची गोष्ट घ्यायची असेल तर त्या घरच्यांनाही स्वतंत्र विचारा. मंडपात बसलेल्या एखाद्या आईला आपल्या लेकराचा मृत्यू माइकवरून ऐकावा लागू नये.

काकू चहा ठेवून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "दिवाळीच्या फराळाला हे घरी असायचेच नाहीत, ते कुणी लिहिणार आहे का?" खरंच होतं. फटाक्यांचे दिवस म्हणजे केंद्रावर रजा बंद. आम्ही ते वाक्य वहीत पहिल्या पानावर लिहिलं.

नोंद कशी जमवायची

यालाच सगळ्यात जास्त वेळ द्या. आम्हाला दोन महिने लागले आणि तरी काही निसटलंच.

सुरुवात अग्निशमन केंद्रातून करा. प्रत्येक केंद्रात वर्दीची नोंदवही असते: वर्दी किती वाजता आली, कुणी दिली, ठिकाण कुठलं, गाडी कधी सुटली, कधी पोचली, कधी परतली, गाडीवर कोण कोण होतं. नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांच्या नावे साधा अर्ज द्या, त्यात हेतू स्पष्ट लिहा, "गावाच्या हद्दीतल्या वर्द्यांच्या तारखा व ठिकाणं पाहायची आहेत" एवढंच मागा. बहुतेक ठिकाणी केंद्रातले लोकच आनंदानं मदत करतात, कारण काम त्यांचंही आहे. माहिती अधिकाराचा अर्ज हा शेवटचा मार्ग ठेवा. त्यानं कामापेक्षा संशय वाढतो.

नोंदवहीत मात्र एकेका आगीची एकेकच ओळ असते. "कडब्याची गंजी, हद्दीबाहेर, पाणी मारून विझवली." जुन्या वह्यांना वाळवी लागलेली असते, काही वर्षं सापडतच नाहीत. त्या एका ओळीमागची गोष्ट गावात असते, आणि ती मिळवायला फिरावं लागतं.

कुणाकडे जायचं? पुढाऱ्यांकडे शेवटी जा. आधी बायकांकडे. गोठ्याला, घराला दिवसा आग लागते तेव्हा पुरुष रानात असतात, घरी बायका असतात आणि पहिली घागर त्यांनीच ओतलेली असते. मग साखर कारखान्याचा चिटबॉय (ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारा), कारण कुठल्या गटातला ऊस कोणत्या हंगामात जळीत म्हणून गेला हे त्याच्या लक्षात असतं. गावचा वायरमन, कारण तारांच्या घर्षणानं ठिणगी पडलेली प्रत्येक जागा त्याला ठाऊक असते. पोलीस पाटील. तलाठ्याकडचे पंचनामे. स्थानिक बातमीदारानं जपलेली कात्रणं.

वरच्या आळीतल्या एका आजींनी सांगितलेली गोष्ट आम्हाला कुठल्याच वहीत सापडली नसती. त्यांच्या गोठ्याला आग लागली तेव्हा आत चार जनावरं बांधलेली होती. बंब आला, तात्या उतरले, पण त्यांनी आधी पाणी मारलं नाही. "त्या माणसानं चुलीपाशी पडलेला माझा इळा उचलला आन् आत शिरला. दावी कापली. पाणी मागनं." तीन जनावरं बाहेर आली. एक गाय राहिली. आजी गायीचं नाव सांगताना थांबल्या. त्या दिवसापासून तात्यांच्या गाडीत सीटखाली एक विळा कायम असायचा, हे आम्हाला नंतर त्यांच्या ड्रायव्हरनं सांगितलं. नगरपरिषदेच्या साहित्याच्या यादीत तो विळा कधीच नव्हता.

असं ऐकायला मिळालं की फोनवर रेकॉर्ड करा (विचारून), आणि त्याच दिवशी कागदावर उतरवा. तारीख आठवत नसेल तर "त्या वर्षी कुणाचं लग्न होतं", "कारखाना चालू होता का", "जत्रा झाली होती का" असं विचारा. माणसांना सन आठवत नाही, पण प्रसंग आठवतात. नंतर वर्दीच्या वहीशी मेळ घाला. दोन्हीकडे जुळलं तेवढंच मानपत्रात घ्या. बाकीचं आठवण म्हणून वेगळं ठेवा.

उसाच्या आगीबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण शहरातल्या पाहुण्यांना त्याचं मोल कळत नाही आणि भाषणात ते दोन वाक्यांत उरकलं जातं. पेटलेल्या फडात बंब शिरू शकत नाही. गाडी बांधावर उभी राहते आणि होज (पाण्याचा लांब पाइप) जोडत जोडत जेवढं आत जाता येईल तेवढं जायचं. वाळलेलं पाचट क्षणात पेटतं, वारा फिरला की आग उलटते. मोठा फड पेटला की तो वाचवणं बहुधा हातात नसतं. वाचवायचा असतो तो शेजारचा. म्हणून वाऱ्याची दिशा पाहून पुढे जायचं, लोकांना कोयते देऊन उसाचा पट्टा तोडून घ्यायचा, तो पट्टा भिजवायचा आणि आग तिथे अडवायची. जळीत ऊस तातडीनं कारखान्याला गेला नाही तर वजन घटतं, वर जळीताची कपात बसते. दीड वर्ष सांभाळलेलं पीक असतं ते. त्यामुळे "तात्यांनी किती ऊस विझवला" यापेक्षा "तात्यांच्या पट्ट्यामुळे कुणाकुणाचा ऊस वाचला" हे विचारा. आम्ही तसं विचारायला लागलो आणि यादी तिप्पट झाली, कारण ज्याचं काहीच जळलं नाही तो माणूस आजवर कुणाच्या हिशेबातच नव्हता.

डोक्यातला नकाशा कागदावर

हे काम निवृत्तीच्या आधी झालं पाहिजे, शक्यतो ते अजून ड्युटीवर असताना.

३० वर्षं एकाच भागात बंब नेणाऱ्या माणसाला जे माहीत असतं ते कुठल्याही नकाशात नसतं. कुठल्या विहिरीला मे महिन्यातही पाणी असतं आणि तिथपर्यंत गाडी जाते का. कुणाचं शेततळं भरलेलं असतं. कोणत्या बंधाऱ्यावर गाडी उतारानं लावता येते. कोणत्या आळीत मोठी गाडी वळत नाही. कुठे तारा इतक्या खाली आल्यात की गाडीवर उभं राहता येत नाही. कोणती मोरी (रस्त्याखालचा छोटा पूल) भरल्या गाडीचं वजन पेलणार नाही. मोठ्या बंबात साधारण ४,५०० लिटर पाणी असतं, म्हणजे गाडी सोडून नुसत्या पाण्याचंच वजन साडेचार टन. मोरी खचली तर बंब तिथेच, आणि आग पुढे.

आम्ही गावाचा नकाशा मोठ्या कागदावर काढून घेतला, तात्यांना जीपमध्ये बसवलं, सोबत केंद्रातले दोन तरुण फायरमन आणि गावातली तीन पोरं. दोन रविवार फिरलो. निळी खूण पाण्याची, लाल खूण अडचणीची. एके ठिकाणी तात्यांनी जीप थांबवली आणि बाभळीकडे बोट दाखवून म्हणाले, "हिची फांदी दर पावसाळ्यानंतर तोडायची. मी दरवर्षी सांगतो." दरवर्षी ते कुणाला सांगत होते हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. त्या आठवड्यात फांदी तोडली.

नकाशाच्या तीन प्रती करा: एक केंद्रात, एक ग्रामपंचायतीत, एक शाळेत. कार्यक्रमाच्या दिवशी तो मंडपाच्या दाराशी लावा. आमच्याकडे लोक जेवणापेक्षा नकाशापुढे जास्त वेळ उभे होते, आपापली विहीर शोधत.

तारीख आणि जागा

अग्निशमन सेवा दिन १४ एप्रिलला असतो. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टायकिन' या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि स्फोटकंही. जवान आग विझवत असतानाच स्फोट झाले आणि त्यांच्यातले कित्येक तिथेच गेले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस आणि १४ ते २० एप्रिल हा सप्ताह देशभर पाळतात. पण आपल्याकडे १४ एप्रिल ही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती. त्या दिवशी गावात मिरवणूक असते, सगळं गाव त्यात असतं, बंबही बंदोबस्ताला तयार ठेवलेला असतो. त्यामुळे सप्ताहातला पुढचा दिवस धरा. आम्ही १७ तारीख घेतली होती.

निवृत्तीच्याच दिवशी, म्हणजे महिनाअखेरीला, कार्यक्रम ठेवू नका. तो दिवस केंद्रातल्या सहकाऱ्यांचा आणि कागदपत्रांचा असतो. ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात असताना नको, लग्नाची दाट तिथ नको. निवडणुकीची आचारसंहिता असेल तर ग्रामपंचायतीच्या नावानं आणि पैशानं काही करण्याआधी तहसील कार्यालयात विचारून घ्या.

जागा निवडताना एक गोष्ट विसरू नका. बंब आणि त्या पाळीची माणसं कार्यक्रमाला येणार असतील तर ती ड्युटीवरच असतात. गाडी मंडपामागे कोंडून ठेवू नका, फुलांच्या माळांनी गुंडाळू नका. तोंड रस्त्याकडे, टाकी भरलेली, समोर एकही मोटारसायकल नाही. गाडीसमोरची जागा मोकळी ठेवायला दोन माणसं नेमा. आम्ही शाळेचं मैदान घेतलं ते त्याला दोन फाटकं आहेत म्हणून.

परवानगी, ठराव, पैसे

माणूस अजून सेवेत असेल तर त्याला जाहीर सत्कार आणि मौल्यवान भेट स्वीकारण्यावर वर्तणूक नियमांची बंधनं असतात. निरोपाचा साधा घरगुती समारंभ वेगळा आणि सगळ्या गावानं केलेला जाहीर सत्कार वेगळा. आपल्या प्रेमापायी त्याच्या शेवटच्या महिन्यात खुलासा द्यायची वेळ येऊ नये. म्हणून एकतर मुख्याधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्या किंवा कार्यक्रम निवृत्तीनंतर ठेवा. सोन्याची अंगठी वगैरे कल्पना बैठकीतच बाजूला ठेवा.

ग्रामसभेचा ठराव अवश्य करा. शाल जुनी होते, ठराव इतिवृत्ताच्या वहीत कायम राहतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर यांपैकी जी ग्रामसभा जवळ असेल तिच्या विषयपत्रिकेवर विषय आधीच घालून घ्या, "आयत्या वेळचे विषय" मध्ये ढकलू नका. मजकूर साधा ठेवा: "श्री. … यांनी सन … ते … या काळात या गावाच्या हद्दीत अग्निशमन व बचावाचे जे काम केले, त्याची ही ग्रामसभा कृतज्ञतापूर्वक नोंद घेत आहे. कामाची तपशीलवार यादी सोबत जोडली आहे." सूचक म्हणून ज्याचं घर वाचलं असा माणूस असू द्या. ठरावाची सहीशिक्क्याची प्रत त्यांना द्या, दुसरी नगरपरिषदेला पाठवा.

वर्गणीबद्दल एवढंच: पावती पुस्तक हवं, दर घरटी सारखा आणि लहान हवा, आणि कार्यक्रमानंतर आठवड्यात हिशेब ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे. एकट्या कुणाकडून सगळा खर्च घेऊ नका, मग बॅनरवर त्याचाच फोटो मोठा होतो.

मानपत्र

छापखान्यात तयार मजकूर मिळतो. "धैर्याचे मेरुमणी, कर्तव्याचे दीपस्तंभ." तो कुणालाही लागू पडतो, म्हणून घेऊ नका. जमवलेल्या नोंदीतून लिहा. आमच्या मानपत्रातला एक भाग देतो, गावाचं नाव वगळून:

"प्रिय तात्या, वरच्या आळीला आग लागली त्या दुपारी सात घरं ओळीनं होती. दोन गेली, पाच राहिली. त्या पाच घरांत आज २६ माणसं राहतात, त्यांतली नऊ त्या आगीनंतर जन्मली आहेत. नदीकाठच्या वस्तीत पाणी शिरलं तेव्हा तुम्ही दोन रात्री गाडीतच झोपलात आणि तिसऱ्या दिवशी घरी न जाता ड्युटीवर गेलात. गोठ्यात शिरताना तुम्ही पाण्याआधी विळा उचललात. तुमच्या दिवाळीच्या फराळाचं ताट काकूंनी ३१ वर्षं झाकून ठेवलं. हे सगळं आम्हाला माहीत आहे, आणि आमच्या मुलांना माहीत व्हावं म्हणून आम्ही ते लिहून ठेवलं आहे."

विशेषण शोधून सापडणार नाही. सगळी घटनाच आहे. वाचताना चार मिनिटांपेक्षा जास्त लागू नयेत. वाचणारा गावातलाच असावा, भाड्याचा निवेदक नको. नाव, हुद्दा, सेवेत लागल्याची तारीख, सांताक्रूझच्या राज्य प्रशिक्षण केंद्रात शिकले असतील तर ते साल, हे सगळं त्यांच्याकडूनच तपासून घ्या. आमच्या पहिल्या प्रतीत हुद्दा चुकला होता. ते लिडिंग फायरमन होऊन निवृत्त झाले आणि आम्ही नुसतं फायरमन लिहिलं होतं. त्यांनी स्वतः काही म्हटलं नाही, ड्रायव्हरनं हळूच सांगितलं. त्या बढतीसाठी माणसानं किती वर्षं वाट पाहिलेली असते.

कार्यक्रमाचा दिवस

सकाळचा वेळ घ्या, दीड तासात संपवा. दीपप्रज्वलन, दोन मिनिटांचं प्रास्ताविक, ठरावाचं वाचन, मग लोकांचं बोलणं, मानपत्र, सत्कार, त्यांचं मनोगत, आभार, जेवण.

"लोकांचं बोलणं" हा भाग नेत्यांना देऊ नका. ज्यांच्या दारात बंब आला होता अशी चार-पाच माणसं निवडा, प्रत्येकाला तीन मिनिटं. आधी एकदा बसवून ऐकून घ्या, कारण सवय नसलेला माणूस माइकपुढे एकतर गप्प होतो किंवा थांबत नाही. आमच्या आजी व्यासपीठावर यायला तयार नव्हत्या, म्हणून माइक त्यांच्या खुर्चीपाशी नेला. आमदार-सभापती येणार असतील तर मानानं बसवा, त्यांच्या हस्ते शाल द्या, पण भाषण एकाचंच आणि तेही आटोपशीर, हे बोलावतानाच नम्रपणे सांगा. आम्हाला हे सांगायला संकोच वाटला होता. सांगितल्यावर कुणी रागावलं नाही.

सत्कार सपत्नीक करा. काकूंना साडी आणि ओटी, दोघांचं औक्षण. मुलं-सुना असतील तर त्यांचाही नावानं उल्लेख. आणि बंबावर एकटा माणूस नसतो. ड्रायव्हर, जोडीचे फायरमन, कंट्रोल रूममध्ये वर्दी घेणारा, ठोक मानधनावरची पोरं, सगळ्यांना गुलाबपुष्प आणि नाव घेऊन उभं करणं हे झालंच पाहिजे. कंत्राटी पोरांची नावं सहसा सुटतात. जोखीम त्यांनाही तेवढीच असते. केंद्राकडून यादी लेखी घ्या.

भेटवस्तू म्हणून काचेची ट्रॉफी आम्हाला नको होती. नगरपरिषदेच्या निर्लेखित (वापरातून काढलेल्या) साहित्यात एक जुनी पितळी ब्रँच होती, म्हणजे होजच्या टोकाला लावायची नळी, जी हातात धरून पाणी मारतात. ती सार्वजनिक मालमत्ता असल्यानं रीतसर अर्ज करून, ठरलेली किंमत भरून, पावती घेऊन मिळवली. गावातल्या बायकांनी ती चिंच आणि राखेनं घासली. तात्यांनी हातात घेतली तेव्हा नकळत दोन्ही पंजे बरोबर त्या जागी गेले जिथलं पितळ झिजलेलं होतं.

मुलांसाठी पंधरा मिनिटं ठेवा आणि ती तात्यांनाच द्या. त्यांनी अग्निशामक नळकांडं कसं वापरायचं ते दाखवलं: पिन काढ, नळी आगीच्या बुडाशी रोख, दाब, डावीउजवीकडे फिरव. मग एका सातवीतल्या मुलीकडून करून घेतलं. मनोगतात ते मोजून सहा वाक्यं बोलले होते, इथे मात्र त्यांचा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत जात होता.

आणखी एक काम त्याच दिवशी उरका. लोकांना यापुढे तात्यांना फोन लावायची सवय मोडावी लागणार आहे. आम्ही केंद्राचा नंबर, १०१ आणि ११२ असलेले छोटे पत्रे छापून प्रत्येक घराला जेवणाच्या वेळी दिले. तात्यांनीच माइकवरून सांगितलं, "मला करा, पण आधी त्यांना करा. मी आता सायकलवरून येणार."

पदकाचा विषय

बऱ्याच गावांना वाटतं की आपण पत्र लिहिलं की राष्ट्रपती पदक मिळेल. अग्निशमन सेवेसाठी शौर्य, विशिष्ट सेवा आणि गुणवत्तापूर्ण सेवा यांची पदकं आहेत, ती प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्य दिनाला जाहीर होतात. पण शिफारस खात्यामार्फत वर जाते आणि सेवेतली नोंद स्वच्छ आणि भक्कम लागते. निवृत्तीच्या तोंडावर हे सुचून उपयोग नाही. तुमच्या केंद्रात असा माणूस अजून काही वर्षं सेवेत असेल तर आजच गावाचा ठराव, घटनांची यादी आणि कात्रणं मुख्याधिकाऱ्यांकडे द्या. शिफारस तयार करणाऱ्याच्या हाती पुरावा असला तर कागद पुढे सरकतो. आम्हाला उशीर झाला होता. याची खंत आहे.

नंतरचे सहा महिने

मंडप उतरल्यावर दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा.

पहिली, त्यांचे कागद. सेवापुस्तकातली एखादी नोंद राहिली, वेतननिश्चितीची पडताळणी अडली की पेन्शन, उपदान (ग्रॅच्युइटी), रजा रोखीकरण सगळं लांबतं. एकटा माणूस टेबलाटेबलावर फिरतो. गावातल्या निवृत्त कारकुनाला किंवा शिक्षकाला त्यांच्यासोबत जायला सांगा. कोणती योजना लागू आहे, कोणते फॉर्म बाकी आहेत याची यादी करून घ्या आणि पहिली रक्कम खात्यात जमा होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. आमच्या सगळ्या कार्यक्रमात काकूंना सगळ्यात बरं वाटलं ते या कामानं, असं त्या स्वतः म्हणाल्या.

दुसरी, तब्येत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०२२ मध्ये अग्निशमनाच्या कामातला संपर्क माणसांत कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात घातला आहे. आपल्याकडे कितीतरी वर्षं लोकांनी तोंडाला ओला रुमाल बांधून धुरात काम केलंय. म्हणून वर्षातून एकदा फुफ्फुसांची तपासणी आणि एकूण तपासणी होईल अशी व्यवस्था करा. वर्गणीतून उरलेले पैसे आम्ही यासाठी ठेवले. खोकला तीन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला तर वाट पाहू नका.

आणि नावाचं काही करायचं असेल तर कमान, चौक, पुतळा यांआधी बंब भरायची जागा करा. आमच्या गावात गाडीचं पाणी संपलं की ती परत तालुक्याला जाऊन भरून यायची. पाण्याच्या टाकीच्या खालच्या पाइपला एक वेगळा व्हॉल्व्ह आणि ६३ मिलिमीटरचं कपलिंग बसवलं, म्हणजे बंबाचा होज थेट जोडला जातो. कपलिंगचा प्रकार केंद्रातल्या माणसालाच विचारून आणा, हार्डवेअरच्या दुकानातून अंदाजानं नको. गाडी उभी राहील एवढी जागा मुरूम टाकून पक्की केली. ग्रामपंचायतीच्या ठरावानं तिथे तात्यांच्या नावाची छोटी पाटी आहे, खाली लिहिलंय: "इथे वाहन लावू नये."

पाटी लावली त्या दिवशी तात्या आले. पाटीकडे त्यांनी फारसं पाहिलं नाही. कपलिंग उघडलं, आत बोट फिरवलं, रबरी वॉशर काढून उन्हात धरला आणि म्हणाले, "हा कडक होतो. वर्षातून दोनदा बदला." जादा चार वॉशर ग्रामपंचायतीच्या टेबलाच्या वरच्या खणात आहेत, शिपायाला माहीत आहे.